अकरा वळणं, इंजिन न वाजवता

त्या दुपारी मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून दातांच्या जुन्या ब्रशने बॅटरीच्या पंख्याची जाळी घासत होतो. माझी गाडी जपानहून आलेली जुनी हायब्रीड. अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी बॅटरीवर. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे उजव्या अंगाने चालणाऱ्या आमच्या रस्त्यांना उलट्या बाजूला. बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, आणि तिला गार ठेवणारा पंखा सीटच्या बगलेत. लोक त्या सीटवर कोंबड्या नेतात, मक्याची पोती नेतात, केस झडणारी कुत्री नेतात. मग जाळी तुंबते, बॅटरी तापते, चढावर गाडी दम टाकते आणि शिव्या मला. शंभर वेळा सांगून झालंय. कोण ऐकतं?

आमच्या मेलाउरी गावात आता नऊ माणसं उरलीत. गाडी चालवणारा मी एकटा, वय चौऱ्याहत्तर. माझं घर गावाच्या वरच्या अंगाला, शेवटचं. त्याच्या पुढे फक्त जंगल.

सेवेरियान आला तो खोकत. काखेत चोंगुरी, आमचं चार तारांचं वाद्य, चारही तारा नव्या चढवलेल्या. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

"ओतिया, गाडी चालू आहे का?"

"माझे पाय बाहेर लोंबतायत ते दिसतंय ना? मग चालू कशी असेल?"

"थट्टा नको. आज मालखाझचा चाळिसावा दिवस आहे."

मी ब्रश खाली ठेवला.

लामाराचा मुलगा मालखाझ. अडतीस वर्षांचा, बैलासारखा मजबूत, आणि स्वभाव असा की रस्त्यात कुणाची गाडी अडकली तर आपली थांबवून आधी धक्का मारायला जायचा. मार्चमध्ये लाकडांनी भरलेला ट्रक घेऊन वर येत होता. जुन्या पाणचक्कीच्या वळणावर बर्फ होता. ट्रक मागे घसरला आणि लाकडांसकट दरीत गेला. आम्ही देह वर आणला, पुरला, जेवणावळ घातली. पण जो रस्त्यावर मरतो तो तिथेच राहतो. त्याला घरची वाट सापडत नाही. कुणीतरी जाऊन तारा छेडायच्या, नावाने हाक मारायची आणि त्याला सोबत घेऊन यायचं. चाळिसाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. त्यानंतर तो त्या वळणाचाच होतो. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. माझ्या मामाला नदीवरून असंच आणलं होतं, मी तेव्हा तिथे होतो.

आणि लामारा? तिने चाळीस दिवस घराचं दार लावलं नव्हतं. दारासमोर खुर्ची टाकून बसायची, तिथेच डुलकी काढायची. एप्रिल असला तरी आमच्याकडचा वारा हाडं फोडतो. छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरने सांगितलं, बाई, दार लाव, नाहीतर आठवड्याभरात तूही जाशील. ती म्हणाली, "तो येईल आणि दार बंद दिसेल. मग?"

"मग चालत जा आणि आणा त्याला," मी सेवेरियानला म्हणालो.

"कोण चालणार? माझे गुडघे? तुझं पोट? वळणापासून फाटकापर्यंत तीन किलोमीटर चढ आहे, अकरा वळणं. बैल गेले, घोडे गेले. तुझ्या गाडीला आवाज नाही म्हणून आलोय."

"आवाज नाही तो उतारावर. चढावर ती म्हशीसारखी हंबरते."

"बॅटरीवर चालव की."

आता या माणसाला काय समजवायचं! मी त्याला पुढे बसवून पडदा दाखवला. त्या पडद्यावर बॅटरीच्या आठ रेघा असतात. उतारावर चाकं बॅटरी भरतात, तेव्हा चाकाकडून बॅटरीकडे बाण जातो. चढावर बॅटरी चाकाला देते, बाण उलटा. फक्त बॅटरीवर चालायचं बटणही आहे. पण दोन रेघा उरल्या की ते बटण आपणहून सुटतं आणि इंजिन भुंकायला लागतं. आमच्या चढावर आठाच्या दोन रेघा व्हायला तीन वळणं लागतात. चौथं कुणाच्या बापाला जमत नाही.

"आणि इंजिन वाजलं तर?" मी विचारलं.

सेवेरियानने चोंगुरी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "त्याने शेवटचं जे ऐकलं ते इंजिनच होतं रे. पुन्हा ऐकलं तर तो बुजेल. पळेल. पुन्हा हाक मारायला दिवस उरलेला नाही."

मी नाहीच म्हणणार होतो. जे जमत नाही ते जमत नाही. तेवढ्यात लामारा स्वतः आली, काठीवर, मधे दोनदा थांबत. माझ्या घरापर्यंतचा चढ तिने त्या छातीने चढला होता, आणि आमचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं.

"ओतिया भाऊ, तू तिसऱ्या वळणापर्यंत आण. पुढचं मी बघते."

"काय बघणार तू?"

"बसत बसत येईन खाली. हाताला धरून नेईन."

मी म्हणालो, "घरी जा आणि दार उघडं ठेव," आणि जाळी परत बसवली.

*

खाली जाताना आम्ही तिघं होतो. मी, मागे सेवेरियान, आणि त्याच्या शेजारी मालखाझची बहीण एतेरी. तिच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला लाल कोंबडा. आत्मा घरी पोचला की कोंबडा आरवतो, म्हणून तो न्यायचा. एतेरी शहरातून आली होती. भाऊ-बहीण दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई आजारी असताना ती आली नाही म्हणून तो म्हणाला होता, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि मग तिने त्याचं तोंड पाहिलं ते शवपेटीतच. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

मी गिअर उताराच्या खुणेवर टाकला. ब्रेकला पाय न लावता गाडी हळूहळू उतरत गेली आणि रेघा भरत गेल्या. पाच. सहा. पाणचक्कीपाशी पोचलो तेव्हा आठही भरल्या होत्या.

सहा वाजले असतील. दरीतून धुकं वर येत होतं. ओल्या मातीचा वास, आणि त्याच्या आत फुटलेल्या देवदाराचा. चाळीस दिवसांनीही त्याच्या ट्रकमधल्या लाकडांचा वास तिथे होता. मित्रांनी रस्त्याकडेला पत्र्याचं टेबल आणि बाक ठेवलं होतं. टेबलावर वाइनची बाटली आणि पालथे ग्लास, येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याच्या नावाने घोटभर घ्यावी म्हणून. आमच्याकडे अशा जागेवरून कोरड्या घशाने कुणी पुढे जात नाही.

मी तिघांना ओतली. ग्लास उचलला आणि म्हणालो, "मालखाझ, तुझ्यासाठी. आणि ज्यांची आठवण काढायला मागे कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी."

हे वाक्य आम्ही प्रत्येक पंगतीत बोलतो. साठ वर्षं जिभेवर बसलंय. ग्लास रिकामा केल्यावर बघतो तर सेवेरियानचा हात तसाच हवेत.

"अरे गाढवा…" तो अगदी हळू म्हणाला. "इथे? आज? आज इथे एकाचंच नाव घ्यायचं होतं."

"सवयीने गेलं."

"गेलं ना पण."

"काका, पुरे," एतेरी म्हणाली. "धुकं वाढतंय. चला."

सेवेरियानने बाकावर बसून चोंगुरी लावली. मग वाजवायला लागला. ते गाणं नसतं. चार तारांवर तेच तेच फिरत राहतं, पाळणा हलवावा तसं. एतेरीने गाडीचं पुढचं डावं दार उघडलं. दरीकडे तोंड करून उभी राहिली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग फुटला.

"मालखाझ. घरी चल."

दार उघडं ठेवून ती थांबली. धुकं आत आलं, सीटवर बसल्यासारखं झालं, विरलं. तिने दार लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं. आरशावर काळा रुमाल टाकला. बाजूचे आरसे मी बटणाने मिटले. परतताना मागे बघायचं नसतं, आरशातूनही नाही. तारा थांबवायच्या नसतात. बस्स, एवढेच नियम.

मी बॅटरीचं बटण दाबलं आणि पाय पिसासारखा ठेवला.

*

गाडी माणसाच्या चालीने निघाली. मागे तारा वाजत होत्या, चाकाखाली खडी कुरकुरत होती. दुसरा आवाज नव्हता. पहिलं वळण संपलं तेव्हा सहा रेघा. दुसऱ्याला चार. मी मनात गाडीला शिव्या देत होतो, मग विनवण्या करायला लागलो. तिसऱ्या वळणावर चढ भिंतीसारखा उभा आहे. तिथे तीन झाल्या.

मग दोन.

मी दात आवळले. आता बटण सुटणार, सीटखाली एक धक्का बसणार आणि ती भुंकणार. सेवेरियानलाही कळलं असावं, त्याचा सूर थरथरला.

काही झालं नाही.

गाडी चालतच होती. मी पडद्याकडे पाहिलं. बाण उलटा होता. चाकाकडून बॅटरीकडे. भिंतीसारख्या चढावर, वर जाताना, माझी गाडी भरत होती. उतारावर भरते तशी.

मी रेसवरचा पाय काढून घेतला. पूर्ण काढला. जमिनीला टेकवून ठेवला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

"काका…" एतेरी कुजबुजली. "तुम्ही चालवताय ना?"

"गप्प बस. कोंबडा सांभाळ."

काय सांगणार होतो तिला? सोळा वर्षं ही गाडी मी याच चढावर चालवतोय. तिला मागून कुणी रेटलं की कसं वाटतं हे माझ्या पाठीला माहीत आहे. स्टिअरिंग हलकं होतं, सीट जराशी पुढे झुकते. चिखलात, बर्फात किती वेळा रेटलीय लोकांनी. मालखाझनेच किती वेळा. त्याला बसायला सीट रिकामी ठेवली होती आम्ही. पण चढावर हा माणूस कधी गाडीत बसून राहिला होता का?

माझे डोळे भरून आले. म्हातारपणी येतात, धुक्याने जास्त.

पाचव्या, सहाव्या वळणाला मला पावलं ऐकू यायला लागली. खडीवर, आमच्या मागे, रेटणाऱ्याची पावलं पडतात तशी, जड आणि जागच्या जागी घसरणारी. मी ती मोजत होतो, मोजल्याने धीर येतो म्हणून. एक, दोन. एक, दोन. आठव्या वळणाच्या आसपास मोजणी बिघडली. मधेच एक पाऊल जास्त यायला लागलं. नंतर दोन. दुसरी पावलं वेगळी होती. हलकी, ओली, चिखलातून बूट काढावा तशी.

सेवेरियानने ऐकलं की नाही ठाऊक नाही. त्याची बोटं सुजली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नवव्या वळणावर एक तार तुटली. मग झटका बसून त्याच्या हातातून चोंगुरीच निसटली आणि सीटखाली गेली.

तारा थांबल्या.

त्याच क्षणी पाठीवरचा रेटा गेला. गाडी थबकली आणि मागे यायला लागली. मी ब्रेक दाबला. मागे काय होतं? मागे दरी होती, आणि… मला माहीत नव्हतं आणखी काय होतं. सेवेरियान अंधारात चाचपडत होता, "कुठे गेली, कुठे गेली…" अंधार म्हणजे धुक्याचाच, उजेड अजून होता, पण दूध सांडल्यासारखा. सूर्य मावळायला अर्धा तासही उरला नसेल.

"तो जाईल," सेवेरियान रडकुंडीला आला. "ओतिया, तो जाईल रे…"

तेव्हा एतेरी गायला लागली. गाणं कसलं, लहानपणी आई त्या दोघांना परड्यातून जेवायला बोलवायची ती हाक. आवाज फाटका, शहरात राहून विसरलेला. "मालखाझ, एतेरी, भाकरी गार होतेय. मालखाझ, एतेरी…" दोन्ही नावं घेत होती. मधेच थांबून साध्या आवाजात म्हणाली, "चल ना. माझं चुकलं. मीपण घरीच चाललेय." आणि पुन्हा तीच हाक.

माझ्या पाठीला सीट लागली, रेटा परत आला. मी ब्रेक सोडला.

*

लामाराच्या फाटकात शिरलो तेव्हा आठही रेघा भरलेल्या होत्या. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. कोंबडा एतेरीच्या हातातून निसटून फाटकावर चढला आणि आरवला. सेवेरियानने छातीवर क्रूस काढला आणि मटकन दाराच्या पायरीवर बसला. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं आणि तो हसत होता.

कोंबडा जरा थांबला. मान वाकडी करून माझ्या गाडीकडे पाहिलं. पुन्हा आरवला.

"दोनदा का?" एतेरीने विचारलं. सेवेरियानचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

लामारा खुर्चीतून उठली होती. काठी न घेता. उंबरठ्यावर तिचा हात हवेत असा गेला, जसा उंच मुलाच्या गालापर्यंत आईचा जातो.

"किती भिजलायस," ती म्हणाली. "आत ये. बूट असूदेत. ये."

ती बाजूला सरकली, वाट दिली. मग चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिने दार ओढून घेतलं. पण लावलं नाही. फटीतून बाहेर बघत राहिली. माझ्या गाडीकडे.

"आणि हा कोण?"

सेवेरियान पायरीवरून उठून बाजूला झाला.

"ये रे बाबा, तूपण ये," लामारा म्हणाली. आपल्याकडे पाहुण्याला बोलवतो तशीच, जरा रागावून. "परका कसला? माझ्या मुलाबरोबर गाडी रेटलीस ना? ताट वाढते." ती थोडा वेळ ऐकत राहिली. मान हलवली. मग माझ्याकडे वळली. "नको म्हणतो. गाडीतच बसतो म्हणतो. त्याला वर जायचंय."

वर एकच घर आहे. ते माझं.

मी म्हणालो, "लामारा, तुला ताप आहे."

"असेल," ती म्हणाली. आत गेली आणि मक्याच्या दोन गरम भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या. चीजही घातलं होतं. "एक तुझी, एक त्याची. आणि ओतिया, त्याच्यावर खेकसू नकोस. तुझं तोंड मला माहीत आहे. खूप दिवस कुणी त्याच्याशी बोललेलं नाही." मग तिने दार लावलं. कडी पडल्याचा आवाज आला, आणि आतून भांडी मांडल्याचा. रात्री ती पलंगावर झोपली, सकाळपर्यंत. एतेरीने नंतर सांगितलं, छातीतली घरघर त्या रात्रीपासून उतरत गेली. बाई आजही ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा.

सेवेरियान म्हणाला, "आज इथेच राहा. माझ्याकडे झोप."

"माझ्या बकऱ्यांना पाणी कोण पाजणार? तू?"

तसं मी म्हणालो खरं. खरं सांगायचं तर मला राहायचं होतं. पण गाडीत कुणी बसलं असेल तर त्याला दुसऱ्याच्या अंगणात रात्रभर ठेवून आपण गादीवर झोपायचं, हे मला बरोबर वाटलं नाही. बोलावलं कुणी होतं त्याला? मीच ना.

मी गाडीत बसलो. समोर बघत. भाकऱ्यांचं फडकं मधल्या जागेत ठेवलं. गाडीत थंड पाण्याचा वास होता, दगडाखालच्या पाण्याचा असतो तसा. बटण दाबलं, पडदा उजळला. पाच-सहा हात पुढे गेलो असेन, तर टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि त्याने पट्टा लावला नाही की ही गाडी असं वाजते. सीटखाली वजन कळतं तिला. पडद्याच्या वर छोटा लाल दिवा लुकलुकत होता.

टिंग. टिंग.

मी गाडी थांबवली.

"हे बघ," मी म्हणालो, समोरच बघत. "हा आवाज मला चालत नाही. डोकं उठतं. पट्टा लाव."

टिंग. टिंग.

"येत नाही का लावता?"

मग वाटलं, नसेल येत. कुठल्या काळातला आहे कोण जाणे. मी त्याच्या बाजूला झुकलो. बघायचं नाही म्हणून डोळे मिटून घेतले, हात लांब करून पट्टा शोधला, ओढला, आडवा आणून खटक्यात बसवला. आवाज थांबला. लाल दिवा गेला.

सरळ बसलो तेव्हा डोळे उघडले, आणि नजर गेलीच. सीट रिकामी होती. पट्टा मात्र सीटला टेकला नव्हता. वीतभर अलीकडे हवेत ताणून राहिला होता, आणि मी बघत होतो तेवढ्यात जरासा वर गेला, जरासा खाली आला.